दोन काचांची बेरीज

लॉगबुकात शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो. दर दोन तासांनी ऑपरेटरनं प्लँटमधल्या मापाच्या काचा वाचायच्या, आकडे लिहायचे, आणि काही वेगळं दिसलं तर ते त्या रकान्यात टिपायचं. मी ज्या कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला लागले तिथं त्या रकान्यात पहिल्या पानापासून एकच शेरा होता. 'नडीतैति.' म्हणजे चालतंय. लाईट गेली, नडीतैति. आठव्या खोलीचा पंखा बंद, नडीतैति. पुढं पुढं तर लिहिणाऱ्याला तेवढ्याचाही कंटाळा आला असावा, कारण पहिल्या ओळीत एकदा शब्द लिहून खाली पानभर दोन-दोन टिंबं ओढलेली.

हुबळीत हा शब्द कुठं ऐकू येत नाही? गटार रस्त्यावर आलं तर त्यावर फरशी टाकून लोक म्हणतात, नडीतैति बिडरि, चालतंय, जाऊ द्या. मराठी माणूस असेल तर 'चालतंय की' म्हणतो आणि तीच फरशी ओलांडतो. पूर्वी मला या शब्दाचा नुसता राग यायचा. आता किळस येते. का येते ते सांगते.

आम्ही अळणावरजवळच्या एका खेड्यातले. दुसऱ्यांच्या भातात लावणी-कापणी करणारं घर. वडील, अप्पा, लाकडाच्या अड्ड्यावर ओंडके उतरवायचे. ते गेल्यावर अव्वानं मला घेऊन हुबळी गाठली. आमच्यात आईला अव्वाच म्हणतात. कमरीपेठेत एक खोली घेतली आणि ती मिरचीच्या कामाला लागली. मी मराठी शाळेतनं निघून धारवाडला एम.एस्सी. केलं. गणितात. पहिल्या वर्गात. आमच्या सगळ्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मिरवायला सांगत नाही असं लिहिणार होते, पण खोटं कशाला? मिरवायलाच सांगते.

प्राध्यापकाची नोकरी काही मिळाली नाही. अव्वा ज्या ठिकाणी मिरची निवडायची तिथंच कोल्ड स्टोरेज होतं, आणि मालकांना लॉगबुकातले आकडे कॉम्प्युटरवर चढवायला माणूस हवा होता. मालक मूळचे मिरजेकडचे, तीन पिढ्या हुबळीत व्यापार, घर देशपांडे नगरात. मराठी एकदम स्वच्छ. मला पहिल्याच दिवशी म्हणाले, "गणितात एम.एस्सी.? वा! म्हणजे बेरीज चुकणार नाही." आणि स्वतःच हसले. त्या दिवसापासून माझं नाव गणितबाई.

जागा कशी होती ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मधे आठ थंड खोल्या, त्यात छतापर्यंत मिरचीची पोती. एका बाजूला मशीनघर. दुसऱ्या बाजूला, थंड खोल्यांच्या भिंतीला लागून, पत्र्याची लांब शेड. त्या शेडीत चाळीसेक बायका जमिनीवर बसून मिरचीचे देठ काढायच्या. त्यात अव्वा. खोल्या थंड ठेवायला नळ्यांतून अमोनिया फिरतो. मशीन तो दाबतं, तो थंड होऊन पातळ होतो, खोल्यांच्या नळ्यांत जाऊन उष्णता शोषतो, वाफ होऊन परत मशीनकडे येतो. बंद फेरा. बाहेरून काही येत नाही, बाहेर काही जात नाही. बाहेर गेलाच तर छातीत जातो. थोडा असेल तर डोळे जळतात, जास्त असेल तर माणूस जागेवर पडतो.

अमोनियाचा वास उग्र, त्यामुळं कुठंही गळला तरी नाकाला आधी कळतं असं सगळे सांगतात. आमच्या शेडीत ते खोटं होतं. तिथं सकाळपासून संध्याकाळपर्यंत मिरचीची धूळ. प्रत्येक बाई खोकतेय, प्रत्येकीचे डोळे गळतायत, पदर नाकाला. वर्षभरात नाकं मेलेली. तिथं अमोनिया आला तर नेहमीच्याच खोकल्यात चार ढासा जास्तीच्या, एवढंच. ही गोष्ट माझ्या लक्षात आली त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

सांगायचं कुणाला? काय सांगायचं? अजून गळती तर नव्हती. आणि यंत्रणा ही एवढी. आठ खोल्या, कधी हिचं दार उघडं, कधी तिचं. कधी नवा माल येऊन गरम पोती आत पडतात. कधी लाईट जाते. उन्हाळ्यात मशीन धापा टाकतं. तापमानं वर-खाली, दाब वर-खाली. अडीचशे आकडे रोजचे. त्यात कुठला आकडा धोक्याचा आणि कुठला नुसता दार उघडं राहिल्याचा, हे देवालाच ठाऊक.

कॉलेजात आमचे एक सर होते, फळ्याकडे तोंड करून बोलायचे, पण एक गोष्ट त्यांनी नीट शिकवली. गुंतागुंतीची यंत्रणा समोर आली की काय काय बदलतंय ते मोजत बसू नका. काय बदलत नाही ते आधी शोधा. त्याला ते इन्व्हेरियंट म्हणायचे. आतमध्ये काही का उलथापालथ होईना, ती एक राशी तेवढीच राहते. ती हलली, तर समजायचं की तुम्ही यंत्रणेबद्दल जे धरून चाललाय ते कुठंतरी खोटं झालंय. परीक्षेत मला यावर पूर्ण गुण होते. पण त्याचा अर्थ मला अव्वानं शिकवला, एका रविवारी, भाकरी थापताना.

मी विचारलं, "अव्वा, एक पोतं फोडलं की किती ढीग करता गं?"

"पाच. लाल, फिक्की, फुटकी, देठ, बी-माती."

"आणि तोलणाऱ्यानं घोळ केला तर? तुम्हाला कसं कळतं?"

"कळतंय की. पाची ढीग परत काट्यावर. कुटं बी टाक, पोतं तेवढंच." तिनं भाकरी उलटली. "कमी भरलं तर कुणीतरी उचललंय. जास्त भरलं तर कुणीतरी पाणी मारलंय. त्यात काय एम्मेस्सी लागतीय व्हय?"

नाही लागत. तरी मी दुसऱ्या दिवशी कामाला लागले. अमोनिया मुख्यतः दोन उभ्या भांड्यांत साठतो आणि दोन्हींना बाजूला काचेची नळी असते, आत किती आहे ते दिसायला. पहिलं भांडं दुसऱ्यापेक्षा रुंद, एका सेंटिमीटरमध्ये तिप्पट माल मावतो. म्हणजे पहिल्या काचेचा आकडा तिप्पट करायचा आणि त्यात दुसऱ्या काचेचा मिळवायचा. खोल्यांच्या नळ्यांत असतो तो दिसत नाही, पण तो फारसा बदलत नाही. मी मागच्या तीन महिन्यांची लॉगबुकं काढली आणि बेरजा मांडल्या. एकीकडे सव्वीस, दुसरीकडे वीस, बेरीज अठ्ठ्याण्णव. एकीकडे एकतीस, दुसरीकडे सहा, बेरीज नव्व्याण्णव. दार उघडं, दार बंद, लाईट गेली, लाईट आली, बेरीज आपली शंभराच्या खाली एक-दोन, क्वचित चार-पाच. इतक्या घाणेरड्या, डाग पडलेल्या, नडीतैति लिहिलेल्या वह्यांतून ती अशी सरळ निघाली तेव्हा मला रडू आलं. का ते विचारू नका.

मग मी कुंपण घातलं. बेरीज चौऱ्याण्णवच्या खाली गेली तर मशीन बंद, मुख्य वॉल्व्ह बंद, शेड रिकामी. बाकी अडीचशे आकड्यांचं काहीही होवो. एका आकड्यावर पहारा ठेवायचा की सगळी यंत्रणा हातात राहते. मालकांना हे मी एका कागदावर काढून दाखवलं, रोजच्या बेरजेचा एकेक ठिपका जोडत जाणारी रेषा. "छान छान," म्हणाले, "भिंतीवर लावा." लावला. पार्ट्या आल्या की ते तो कागद दाखवायचे.

मग उन्हाळा आला आणि माझी फजिती झाली.

मशीनवर एक जुना ऑपरेटर होता. सगळे त्याला अण्णा म्हणायचे. कानडी शाळेत चौथी झालेला, पण त्या मशीनचा खोकला ओळखणारा. बाकीचे इंग्रजी आकडे लिहायचे, अण्णा कानडी आकडे लिहायचा. आम्ही मराठी माणसं कानडी फाडफाड बोलतो, पण वाचायचं म्हटलं की अडखळतो. अंकांचं काय, त्यातले दोन, चार आपल्यासारखेच दिसतात, म्हणून मी अंदाजानं वाचत होते. त्या दिवशी उकाडा भयंकर. दुपारी अण्णाची नोंद आली. पहिली काच शून्य चार, दुसरी छप्पन्न. बेरीज अडुसष्ट.

अडुसष्ट! मी धावत शेडीत गेले आणि ओरडले, बाहेर व्हा. चाळीस बायका पदर सावरत उन्हात. मशीन बंद. थंड खोल्यांवर दोन व्यापारी माल घ्यायला आलेले, त्यांनी मालकांना फोन केला. मालक आले. अण्णा घाम पुसत आला, वही हातात घेतली आणि त्या शून्यावर बोट ठेवलं.

"तंगी, इदु ओंद ऐतवा. सोन्नि अल्ल."

पोरी, हा एक आहे. शून्य नाही.

कानडी एक म्हणजे खाली उघडं राहिलेलं वर्तुळ. अण्णाचा हात जड, वर्तुळ मिटलेलं. चौदाचे मी चार केले होते. चौदा तिरक बेचाळीस आणि छप्पन्न, अठ्ठ्याण्णव. सगळं जागच्या जागी. याआधी अण्णाच्या पाळीत पहिली काच वीस-पंचविसाच्या घरात आणि दुसरी विसाच्या वर असायची, एक आला तरी एककात यायचा, एकवीसचे वीस वाचले तरी बेरीज तिनानं हलायची आणि ते मी खपवून घेतलं होतं. दशकात एक आला आणि माझी एम.एस्सी. उघडी पडली.

मालक हसले. व्यापारी हसले. बायका उन्हातून परत आत जाताना हसल्या. त्यांच्या मुकादमीण अक्कानं टाळी मारली, "कॉलेजात कानडी एक शिकवत न्हाईत व्हय गं?" अव्वा तेवढी हसली नाही. तिनं माझ्याकडं बघितलंच नाही, खाली मान घालून देठ काढायला बसली. ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

पुढं तो प्रघातच पडला. कुठंही काही चुकलं, चहात साखर जास्त पडली, टेम्पो उशिरा आला, की म्हणायचं, 'कानडी एक असेल.' मी मुकाट्यानं अण्णाकडून दहाही अंक शिकून घेतले. तो मशीनघरात खडूनं जमिनीवर काढून दाखवायचा आणि प्रत्येक अंकाला शाबासकी द्यायचा, जशी काही मी बालवाडीत आहे.

चूक दुरुस्त झाली, बेरीज पुन्हा सरळ झाली. आणि पावसाळा संपता संपता ती झुकायला लागली.

या वेळी उडी नव्हती. उतार होता. अठ्ठ्याण्णव, सत्त्याण्णव, सत्त्याण्णव, शहाण्णव. मी अण्णाच्या बरोबर जाऊन दोन्ही काचा स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्या. पंच्याण्णव. कानडीत, मराठीत, इंग्रजीत, कुठल्याही भाषेत पंच्याण्णव. ज्या दिवशी त्र्याण्णव झाली त्या दिवशी मी मालकांच्या केबिनमध्ये गेले.

"अहो ताई, कानडी एक असेल," ते मान वर न करता म्हणाले.

"मी स्वतः वाचलंय, साहेब. कुठंतरी गळतंय."

"वर्षाला थोडा गॅस जातोच. भरतो आपण."

"वर्षात जायचा तो पंधरा दिवसांत गेलाय. आणि बाहेर कुणाला वास येत नाही. म्हणजे जिथं कुणाला वास येणार नाही तिथं जातोय."

आता त्यांनी मान वर केली. आवाज एकदम मऊ झाला. या मऊ आवाजाची मला सगळ्यात जास्त शिसारी येते. म्हणाले, तीन दिवसांनी परदेशात माल पाठवणारी एक पार्टी प्लँट बघायला येतेय. भिंतीवरचा तुमचा कागद त्यांना फार आवडणार आहे. सरळ रेषा हवी. ते येऊन जाऊ देत, मग मशीन थांबवू, सगळं उघडून बघू. "तोवर जरा जुळवून घ्या. तुमचाच इन्व्हेरियंट आहे, तुम्हीच ठेवा स्थिर." आणि दाराशी गेल्यावर म्हणाले, "आई बऱ्या आहेत ना? शेडीत बसतात त्या?"

मी जुळवून घेतलं.

इथं मी काही सांगून सुटू शकते. अव्वाचं काम जाईल ही भीती होती, नवी नोकरी मिळत नव्हती, एकदा तोंडावर आपटले होते. सगळं खरं. पण झालं ते एवढंच की मी खुर्चीत बसले आणि कागदावर त्र्याण्णवच्या जागी अठ्ठ्याण्णव लिहिलं. दुसऱ्या दिवशी ब्याण्णवच्या जागी अठ्ठ्याण्णव. तिसऱ्या दिवशी नव्वदच्या जागी सत्त्याण्णव, कारण रोज अठ्ठ्याण्णव बरं दिसत नाही, एवढी अक्कल मला शिक्षणानं दिली होती. जी राशी बदलली की खोटं उघडं पडतं, तीच मी हातानं स्थिर केली. लॉगबुकात नडीतैति लिहिणारा माणूस निदान आळशी होता. मी मेहनतीनं केलं.

त्या तिसऱ्या संध्याकाळी मी अव्वाला म्हटलं, "उद्या कामाला जाऊ नको."

"का?"

"अंग दुखतंय म्हणून सांग."

"माजं अंग दुखत न्हाई." तिनं माझं तोंड निरखलं. "काय झालंय?"

सांगितलं. सगळं सांगितलं, अठ्ठ्याण्णवसकट. मला वाटलं ती घाबरेल किंवा शिव्या देईल. ती नखांत अडकलेलं मिरचीचं बी काढत राहिली.

"म्हंजी तू मला तेवढी उठवणार. आणि माज्या बाजूला बसती ती? तिच्या वटीत तान्हं असतंय. तिला कुणाची लेक सांगणार?"

मी ताटं मांडायला उठले.

"तोलणाऱ्यानं ढिगात धोंडा घातला तर आमी त्याला काय म्हणतो म्हाइताय? सांगू?"

"नको."

"मग उद्या मी जाणार. तू बी ये. आणि काय करायचं ते कर."

सकाळी लवकर जाऊन मी अण्णाला गाठलं. त्यानं कपाटातून गंधकाची कांडी काढली. गळती शोधायची ही जुनी पद्धत. कांडी पेटवून नळीच्या कडेकडेनं फिरवायची. गंधकाच्या धुराला अमोनिया लागला की दाट पांढरा धूर उठतो. मशीनघरात काही नाही. खोल्यांच्या दारांशी काही नाही. मग आम्ही शेडीच्या मागच्या भिंतीला गेलो. तिथून एक नळी वरून आत जाते आणि तिच्यावर एक वॉल्व्ह आहे, बायका बसतात त्याच्या बरोबर वर, आठ-नऊ फुटांवर. अण्णानं शिडी लावली, कांडी वर धरली. वॉल्व्हच्या मानेभोवती पांढरा धूर असा फुलला जसा कापूस पिंजावा. खाली बायका येऊन बसायला लागल्या होत्या. खोकत होत्या, हसत होत्या.

अण्णा शिडीवरून उतरला आणि कानडीत म्हणाला, "वॉल्व्हच्या आतलं, गळती अडवणारं पॅकिंग गेलंय. आज जाईल नाहीतर चार दिवसांनी जाईल. पण जाईल."

मालकांना फोन लावला. पार्टी हॉटेलातून निघालीय, म्हणाले. तीन वाजेपर्यंत कशालाही हात लावू नका. फोन अण्णाच्या कानाला होता. तो 'आयतरि' म्हणाला, म्हणजे बरं जी, फोन माझ्या हातात दिला आणि मुख्य वॉल्व्ह बंद करायला मशीनघराकडं चालू लागला. त्याच्या आयुष्यातलं ते पहिलं खोटं 'बरं जी' असावं.

मी शेडीत गेले. "सगळ्या बाहेर व्हा. गॅस गळतोय."

कुणी उठेना. मग कोपऱ्यातून आवाज आला, "कानडी एक असेल गं!" आणि चाळीस जणी खदखदून हसल्या. अक्का म्हणाली, "ए गणितबाई, आज दिवस भरू दे. मागल्या टायमाला उन्हात बसवलंस, अर्धा दिवस गेला." मी ओरडत होते आणि त्या हसत होत्या. मला त्यांची चीड आली नाही. हे मीच करून ठेवलं होतं, आधी चुकून आणि मग मुद्दाम.

अव्वा उठली. तिनं पुढ्यातला ढीग पोत्यात भरला नाही, तसाच टाकला. निवडलेला माल कुणी बाई असा उघडा टाकून उठत नाही. त्यात दिवसाची मेहनत असते. तिनं बाजूच्या बाईच्या ओटीतलं तान्हं उचललं आणि ते घेऊन सरळ दाराबाहेर चालू लागली. तान्ह्याची आई किंचाळत मागं. मग तिच्या मागं तिची जाऊ. मग हसणं थांबलं आणि सगळ्या उठल्या. अक्का सगळ्यात शेवटी, शिव्या देत.

आम्ही रस्त्यापलीकडं, वाऱ्याच्या वरच्या अंगाला जाऊन उभ्या राहिलो. किती वेळ गेला मोजला नाही. अण्णानं मुख्य वॉल्व्ह बंद केला होता, पण नळीत होता तो गॅस होताच. मग शेडीतून एक आवाज आला, प्रेशर कुकरची शिट्टी अडकावी तसा, आणि पत्र्याच्या फटींतून पांढरा ढग बाहेर पडला. तोंडावर ओला टॉवेल बांधून अण्णा मागच्या बाजूनं पळत आला. दोन दिवस त्याचे डोळे उघडत नव्हते, पण वाचले. शेडीत कुणी नव्हतं. मिरच्यांचे ढीग तेवढे होते.

यानंतर खरी किळस सुरू झाली.

पार्टीला मालकांनी दुसऱ्या रस्त्यानं जेवायला नेलं. दोन दिवसांनी कारखान्यांची तपासणी करणारे अधिकारी आले तेव्हा मालकांनी माझा कागद त्यांच्यापुढं ठेवला. सरळ रेषा. "बघा साहेब, गळती नव्हतीच. अचानक पॅकिंग फुटलं. आमच्याकडं गणितात एम.एस्सी. झालेल्या ताई आहेत, रोज बेरीज बघतात. त्यांच्याच सिस्टिममुळं बायका वेळेत बाहेर पडल्या." माझ्या पाठीवर थाप मारली. पाच दिवस आधी जो कागद खोटा करून घेतला तोच आता साक्षीला, आणि वर माझं कौतुक.  

मी उभ्या उभ्याच अधिकाऱ्यांना सांगितलं. "साहेब, शेवटचे तीन आकडे खोटे आहेत. मी लिहिलेत. खरे ९३, ९२, ९०. लॉगबुकात अण्णांच्या हातचे कानडीत आहेत, ताडून बघा."

अधिकाऱ्यांनी लॉगबुक उघडलं. ते धारवाडचेच, कानडी अंक त्यांना दिसता क्षणी वाचता येत होते. त्यांनी तीनही बेरजा स्वतः केल्या. मालक म्हणाले, "ताई जरा घाबरल्यात, दोन दिवस झोप नाही." अधिकारी लिहीत राहिले. माझंही म्हणणं लिहून घेतलं आणि मला सही करायला लावली. खोटं लिहिणारी मीच, हेही त्यात होतं. ती सही पूर्ण नावानं केली, एवढं मी माझ्या बाजूनं सांगू शकते. जास्त काही नाही.

प्लँट काही आठवडे बंद राहिला. वॉल्व्ह बदलले, नळ्यांना रंग दिला. मला येऊ नका म्हणून निरोप आला. अण्णाला काढता आलं नाही, कारण ते मशीन दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही. आणि शेड सुरू झाल्याबरोबर अव्वा आपली पिशवी घेऊन निघाली.

आम्ही भांडलो. मी म्हटलं, तिथं परत पाय ठेवायचा नाही. मी आता लॅमिंग्टन रोडला एका क्लासमध्ये गणित शिकवते, दोघींचं भागेल.

"भागंल की. आणि बाकीच्या एकोणचाळीस? त्यांच्या लेकी बी कलासात शिकवत्यात व्हय?"

"आता तिथं बेरीज कोण बघणार? मी नाही, कागद नाही."

"तुजी बेरीज कसली ती, सांग मला."

मी सांगितलं. पहिली काच तीन वेळा, दुसरी एकदा. एवढंच? एवढंच. अव्वाला लिहिता-वाचता येत नाही, पण शंभरापर्यंतचा हिशोब ती बोटांच्या पेरांवर असा करते की माझ्या क्लासची पोरं कॅल्क्युलेटरवर मागं राहतील. कुंपणाचा आकडाही सांगितला. तिनं तो दोनदा म्हणून घेतला.

आता सकाळी शेडीत शिरायच्या आधी अण्णा दारात उभा राहून दोन्ही काचांचे आकडे कानडीत मोठ्यानं सांगतो. जेवायच्या सुट्टीत परत सांगतो. चाळीस बायका पेरांवर बेरीज करतात. अक्काची नेहमी एकानं चुकते आणि ती भांडते. मालकांना हे तमाशासारखं वाटतं, पार्ट्यांसमोर बरं दिसत नाही म्हणतात. भिंतीवर त्यांनी नवा छापील कागद लावलाय. त्यावर नाव कुठल्याशा सल्लागार कंपनीचं आहे आणि रेषा अर्थातच सरळ आहे.

मी दुपारी क्लासच्या मधल्या सुट्टीत अव्वाला फोन करते. ती अक्काच्या मोबाईलवर येते, आकडा सांगते, ठेवून देते. मागच्या आठवड्यात फोनवर नेहमीपेक्षा गलका जास्त होता. टेम्पोचे हॉर्न, बायकांची बडबड.

"कुठंयस अव्वा?"

"भायेर. रस्त्याच्या पल्याड. त्र्याण्णव आली."

"कुणी बाहेर काढलं?"

"कोण काढणार? आमी उठलो. अण्णा कांडी घेऊन शोधतोय." मागून एक पुरुषी आवाज मराठीत काहीतरी जोरजोरानं म्हणत होता. "मालक आलाय. चालतंय म्हणतोय, आत बसा म्हणतोय. थांब, अक्का त्याला बेरीज सांगायला गेलीय."